फी माफ, खर्च बाकी

जुलै २०२४ मध्ये शासन निर्णय आला आणि माझ्या एमसीएवरून घरात चाललेल्या वादाचं तोंडच फिरलं. ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी प्रवर्गातल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश कॅप फेरीतून झालेला हवा. तोवर निम्मंच माफ होतं. मी वाशीमला बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स करून एमसीएची सीईटी दिली होती आणि निकाल हातात होता. बाबा म्हणाले, "फी त माफ हाय मंतेत, मंग पैसा कायले लागते?"

त्या रात्री वही घेऊन बसले. माझा ओढा पुण्याकडे होता. अमरावतीला कमी खर्चात भागलं असतं, घरही जवळ पडलं असतं. पण एमसीएच्या शेवटच्या सत्रात कंपनीत इंटर्नशिप करावी लागते, आणि ती ज्या शहरात मिळते तिथं आधीपासून राहिलेलं बरं, असं माझं मत होतं. आजही आहे. पुण्यात कॉट बेसिसवर खोली साडेतीन हजार, मेस तीन हजार, बस-मोबाइल-झेरॉक्स धरून आणखी हजार. सुट्ट्या वगळून वीस महिने धरले तरी दीड लाख. विकास शुल्क, अनामत आणि लॅपटॉप वेगळेच.

बाबांचं माप सोयाबीनचं. त्या वर्षीचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल, पण बाजारात चार हजारांच्या आसपासच मिळत होते. म्हणजे दीड लाखाला सदतीस-अडतीस क्विंटल. आमच्या वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातल्या पाच एकरांत एकरी सहाचा उतारा धरला, तरी तीस. बियाणं, खत, फवारणी, मळणी यांचा खर्च न काढताही एक अख्खा हंगाम पुरत नव्हता. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "आन् दोन वर्सानं हातात काय येईन?"

खरा प्रश्न तोच होता, आणि त्यातला सगळ्यात मोठा आकडा कुठल्याच पावतीवर नव्हता. तालुक्याच्या एका खासगी शाळेत संगणक शिकवायचं काम मला महिना आठ हजारांवर मिळत होतं. दोन वर्षांचे एक लाख ब्याण्णव हजार झाले. पदवीसाठी मी ते सोडणार होते, आणि ते पुण्याच्या खर्चापेक्षाही जास्त होते. आमच्याकडे मुलांच्या शिक्षणाचा हिशेब फीपाशी सुरू होतो आणि फीपाशीच संपतो. हा सोडलेला पगार कोणी मांडत नाही, मुलीचा तर नाहीच. मी तो वहीत लिहिला आणि बाबांना दाखवला. २०२० पासून एमसीए तीनऐवजी दोन वर्षांचं झालं, हे त्यातल्या त्यात बरं. नाहीतर आणखी एक वर्ष मांडावं लागलं असतं.

दुसऱ्या बाजूला काय होतं? सरळ सांगायचं तर, भरवसा नव्हता. २०२३-२४ मध्ये टीसीएस, इन्फोसिस, विप्रो या तिन्ही कंपन्यांतल्या कर्मचाऱ्यांची संख्या घटली होती. पण नव्या मुलांची भरती करताना मोठ्या कंपन्या एमसीएवाल्यांना बहुधा अभियंत्यांच्या रांगेत बसवतात. बीएस्सी, बीसीएवाल्यांची रांग वेगळी, पगारही कमी. बँकांमधल्या आयटी अधिकारी पदासाठीही चार वर्षांची अभियांत्रिकी पदवी किंवा संगणक विषयातली पदव्युत्तर पदवी मागतात. माझ्या बीएस्सीवर तो अर्जसुद्धा भरता येत नव्हता. माझ्या लेखी पदवीची किंमत मुख्यतः ही होती.

शिकण्याचं म्हणाल तर नुसतं कोडिंग मोबाइलवरही शिकता येतं, आणि आता एआय कोड लिहूनही देतं. पुण्याला एमसीएच्या वर्गात मला मिळालं ते त्याच्या खालचं. डेटाबेसच्या प्रकल्पात लाखो नोंदींच्या टेबलवर आमची एक क्वेरी मिनिटभर अडकायची. कोड बरोबर होता, उत्तरही बरोबर येत होतं. सरांनी उत्तर सांगितलं नाही. क्वेरी चालते कशी, तिचा आराखडा काढून वाचायला लावला. दोन टेबलं जोडताना दरवेळी सगळ्या नोंदी पहिल्यापासून चाळल्या जात होत्या. योग्य रकान्यावर इंडेक्स लावला आणि तेच काम क्षणात होऊ लागलं. बीएस्सीला इंडेक्सची व्याख्या मी पाठ करून लिहिली होती, तिचा अर्थ त्या दुपारी कळला. अडलेल्या जागी कोणीतरी थांबवून विचार करायला लावतं, याचे पैसे मला महाग वाटत नाहीत.

आता शेवटचं सत्र चालू आहे. इंटर्नशिपचे महिन्याला बारा हजार मिळतात, त्यामुळे घरून पैसे मागवणं थांबलं. नोकरीचं पत्र अजून हातात नाही.

वाशीमला बीसीए करणारी माझी मावसबहीण परवा फोनवर विचारत होती, एमसीए करू की नोकरी धरू? तिच्यापुढे आणखी एक वाट आहे: विप्रोच्या एका योजनेत बीसीए, बीएस्सीची मुलं नोकरी करत कंपनीच्या खर्चानं एमटेक करतात, मात्र पाच वर्षं तिथंच राहण्याचा करार असतो. मी तिच्याकडून वहीत तसाच हिशेब लिहून घेतला, सोडलेल्या पगारासकट. मावशीच्या घरी कमावणारं दुसरं कोणी नाही. महिन्याच्या महिन्याला घरी पैसे जाणं तिथं एमसीएपेक्षा आधी लागतं. विप्रोचा अर्ज आधी भर, असं मी तिला सांगितलं.