विदूषक आणि आमचा बाळू
(इयत्ता चौथी)

उन्हाळ्याच्या सुट्टीत तालुक्याला सर्कस आली होती. कांद्याचे पैसे आले त्या दिवशी वडिलांनी आम्हांला नेले. बाळूला नीट दिसावे म्हणून आईने पुढची तिकिटे काढायला लावली. बाळू माझा भाऊ, तीन वर्षांचा आहे.

आपल्याकडे विष्णुपंत छत्रे यांनी सर्कशीचा पहिला खेळ केला, असे गुरुजींनी सांगितले होते. तेव्हा सर्कशीत जनावरे असायची. १९९८ पासून वाघ, सिंह, अस्वल, माकड यांच्या खेळांना सरकारची बंदी आहे. म्हणून आमच्या सर्कशीत विदूषकच सारखा येत होता.

त्याचे तोंड पांढरेफटक, नाक लाल, आणि ओठ पार कानापर्यंत रंगवलेले. त्याने पाण्याची बादली आमच्या अंगावर फेकली, तर आतून कागदाचे कपटेच निघाले! सगळे हसले. मग त्याने जवळ येऊन बाळूपुढे हात केला. बाळूने अशी किंकाळी फोडली की बस्स. रडून रडून त्याचा श्वासच कोंडला, ओठ निळे पडले. आई घाबरली. मागची माणसे मात्र हसत होती. मला त्यांचा फार राग आला.

शेजारच्या बाईंच्या मांडीवर चार महिन्यांचे बाळ होते. ते मजेत लाल नाकाकडे बघत होते. एवढेसे बाळ भ्याले नाही आणि बाळू भ्याला!

तसा बाळू भित्रा नाही. गावात बहुरूपी हवालदार होऊन येतो, "चला ठाण्यावर" म्हणून ओरडतो, तरी बाळू त्याच्या मागे मागे फिरतो. बहुरूप्याचे तोंड उघडे असते. तो ओरडला तरी डोळे हसतात ते दिसते. विदूषकाचे तसे नाही. मधेच तो दोरीला अडकून पडला आणि गुडघा धरून बसला, तरी तोंड हसतच होते. त्याला खरंच लागले की सोंग होते, ते मलापण कळले नाही. बाळू हुंदके देत म्हणाला, "त्याचं तोंड मिटत नाही."

खेळ सुटल्यावर तंबूमागे तो विदूषक बादलीत तोंड धूत होता. पाणी लाल-पांढरे झाले. बाळू आईच्या खांद्यावरून टक लावून बघत होता. रंग गेला तर आतून मिशा पिकलेला माणूस निघाला. बाळू म्हणाला, "आजोबा!" ते हिंदीत म्हणाले, एवढं लहान मूल असलं की मी लांबूनच हात करतो, आज डोळ्यांवर दिवे होते, दिसलं नाही. वडिलांचा राग गेला. त्यांनी नाक बाळूच्या हातात दिले. बाळूने ते दाबून बघितले आणि परत दिले.

आता मी घरी तोंडाला पीठ लावले की बाळू आधी बोटाने पुसून बघतो. आत मीच आहे हे दिसले, की मग हसतो.