वल्हं मारायला शिकवेल का कोणी?

नागपूरच्या पोरीला नौकानयनातलं काय कळणार? त्यातून मी बेसाची. उन्हाळ्यात टँकरचा हॉर्न वाजला की बादल्या घेऊन पळायचं, एवढाच आमचा पाण्याशी संबंध! कॉन्व्हेंटच्या के.जी.त होडीचं इंग्रजी गाणं हातवारे करून म्हटलं होतं, पण ‘ओअर’ला मराठीत वल्हं म्हणतात हे कळलं ते इंजिनिअरिंगला आल्यावर, आणि तेही एका मावसभावामुळे.

हा दादा पुण्याला सीओईपीत शिकतो. त्यांच्या कॉलेजचा बोट क्लब १९२८ पासूनचा. मुळा नदीच्या काठावर, संगमाजवळ. दरवर्षी तिथे ‘रेगाटा’ होते. पंट, कयाक आणि शेल घेऊन मुलंमुली पाण्यावर कवायती करतात, बाणाच्या आकारात नावा लावतात, अंधार पडला की मशाली पेटवून नाचतात. आणि हे सगळं विद्यार्थीच उभं करतात! दादा सांगतो की ती एक संध्याकाळ दिसते, पण तिच्यामागचे कितीतरी महिने दिसत नाहीत. पहाटे उठायचं, जलपर्णी आणि नदीचा वास सहन करायचा, मग धावत लेक्चरला जायचं. नदीत नावा चालतात त्या बंडगार्डनच्या बंधाऱ्यामुळे. बंधाऱ्याने पाणी तुंबून राहतं. म्हणजे इंजिनिअरच्या खेळालाही पाया इंजिनिअरनेच घालून दिलाय!

शर्यतीच्या नौकानयनाची एक गंमत सांगते. यात खेळाडू शेवटच्या रेषेकडे पाठ करून बसतो. कुठे जातोय ते दिसत नाही, फक्त मागे काय सुटलं ते दिसतं. सगळ्यांना वाटतं हा हातांचा खेळ. पण सीट रुळांवर सरकते आणि खरा जोर पायांचा असतो. एका माणसाची शर्यतीची नाव आठ मीटरच्या आसपास लांब, वजन मात्र फक्त १४ किलो! रुंदीला इतकी कमी की जरा तोल गेला की पाण्यात. आठ जणांच्या नावेत एकाचं वल्हं अर्धा सेकंद उशिरा पडलं तरी नाव अडखळते. तिथे एकट्याने हिरो होता येत नाही.

आता म्हणाल, याने पॅकेज मिळतं का? आमच्या हॉस्टेलमध्ये पहिला प्रश्न हाच आला, “काय करून राहिली बे तू, प्लेसमेंट जवळ आलंय ना!”

त्यावर माझ्याकडे एकच उत्तर आहे : दत्तू भोकनळ. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा. वडील विहिरी खणायचे. दुष्काळी गावातला हा मुलगा २०१२ साली सैन्यात गेला आणि तिथे त्याने पहिल्यांदा वल्हं हातात घेतलं. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता, म्हणजे माझ्याहून एक वर्षाने मोठा! चार वर्षांत तो रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्कल्समध्ये तेरावा आला. २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये आजारपणामुळे एकेरीत शेवटचा आला आणि दुसऱ्याच दिवशी तीन साथीदारांबरोबर सुवर्णपदक जिंकलं. २०२३ च्या हांगझोऊ एशियाडमध्येही भारताला नौकानयनात पाच पदकं मिळाली. पण आपले बहुतेक नौकानयनपटू येतात सैन्यातून. शाळेतून का येत नाहीत?

हा प्रश्न मी घरी जेवताना विचारला. आईने उलट विचारलं, “आधी पोहता येतं का तुला?”

हसण्यावारी नेता येईल असा हा प्रश्न नाही. कोलकात्यात शाळांच्या नौकानयन स्पर्धा होतात. २१ मे २०२२ ला रवींद्र सरोवरात अशाच स्पर्धेचा सराव चालू होता. अचानक वादळ आलं, नाव उलटली आणि दोन शाळकरी मुलं बुडाली. ती बातमी वाचल्यापासून मी ‘नागपुरात पण सुरू करा’ असं सहज म्हणू शकत नाही. जिथे सोबत बचाव नाव नाही, लाइफ जॅकेट नाही, हवामान बघून सराव थांबवणारा माणूस नाही, तिथे क्लब नसलेलाच बरा. शाळेला आधी या गोष्टींसाठी पैसे लागतात. चकाचक नाव नंतर.

पण म्हणून गप्प बसायचं का? अंबाझरी, फुटाळा, सोनेगाव... तलाव तर आपल्याकडे आहेत. फुटाळ्यावर आपण जातो कणीस खायला! २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी ओसंडून वाहिला, तेव्हा नागपूरच्या वस्त्यांमध्ये नावा फिरल्या, लोकांना बाहेर काढायला. पाणी आणि नाव यांची ओळख त्या दिवशी आपल्याला फार वाईट पद्धतीने झाली. ती चांगल्या पद्धतीने करून घेता येणार नाही का?

मला सुचतं ते असं. पहिलं वर्ष फक्त पोहणं आणि रोइंग मशीन. मशीन वर्गात मावतं, त्याला तलाव लागत नाही. दुसऱ्या वर्षी पाण्यात, तेही काठाजवळ आणि बचाव नाव सोबत ठेवून. दोन हजार मीटरची शर्यत पहिल्याच सीझनला कशाला? राष्ट्रीय पातळीवर ५०० मीटरच्या स्प्रिंट शर्यतीही होतात. शिवाय २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये समुद्रकिनाऱ्यावरच्या ‘बीच स्प्रिंट’ शर्यती आल्या आहेत. आपल्या कोकणाला केवढा किनारा आहे!

मित्रांनो, रेगाटाचं मला सर्वात जास्त कौतुक वाटतं ते एका गोष्टीचं. दरवर्षी शेवटच्या वर्षाची मुलं निघून जातात, तरी क्लब थांबत नाही. जाणारा येणाऱ्याला शिकवून जातो. जवळजवळ शंभर वर्षं हे चाललंय. आपल्या कॉलेजात कोणाला यात रस असेल तर मला भेटा, थर्ड इयर मेकॅनिकल. सुरुवात स्विमिंग पूलपासून करू. मला पोहता येतं, आईला तसं सांगून ठेवलंय!