मायक्रॉनचा हिशेब

डिटेलिंगचा धंदा टाकायला निघालेली मुलं माझ्याकडे येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "दादा, स्वस्तातलं चांगलं पॉलिश कुठलं?" प्रश्न रास्त आहे. गाळ्याचं डिपॉझिट, प्रेशर वॉशर, व्हॅक्यूम, पॉलिशिंग मशिन, दिवे एवढं उभं करेपर्यंत कर्जाचे पैसे संपत आलेले असतात, आणि हात आखडता घेता येईल अशी पॉलिशची बाटलीच काय ती उरते. मी नाव लगेच सांगत नाही. आधी विचारतो, "गेज घेतलास का?"

गेज म्हणजे रंगाची जाडी मोजायचं मुठीत मावणारं यंत्र. पत्र्यावर टेकवलं की आकडा दाखवतं. कारखान्यातून आलेल्या गाडीवर प्रायमर, बेस कोट, क्लिअर कोट असे सगळे थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यातला सर्वांत वरचा, पारदर्शक क्लिअर कोट असतो ३५ ते ५० मायक्रॉनचा. डोक्यावरचा केस बहुधा त्याहून जाड भरेल. आपला सगळा धंदा एवढ्या थरात चालतो. ओरखडा काढायचा म्हणजे त्याच्या आजूबाजूचा क्लिअर ओरखड्याच्या तळापर्यंत घासून सपाट करायचा. लोकरीचा पॅड आणि जबर कटचं कंपाउंड घेऊन जोरात हात मारला तर दोन-चार मायक्रॉन सहज जातात आणि ते परत येत नाहीत. उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला वाचवणारी द्रव्यं याच थरात असतात. तो फार पातळ झाला की काही उन्हाळ्यांनी छतावर आणि बॉनेटवर पांढुरके चट्टे दिसतात, मग पापुद्रे सुटतात. तिथे पॉलिशवाल्याचं काम संपतं आणि पेंट बूथवाल्याचं सुरू होतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की गाळ्यातली सर्वांत महाग वस्तू गिऱ्हाइकाच्या गाडीवर असते आणि तिचा साठा आपल्याला भरून देता येत नाही. पॉलिश स्वस्त पडलं की महाग, हे त्या साठ्यातलं किती खर्ची पडलं त्यावरून ठरवायचं.

पूर्वी हा हिशेब इतका काटेकोर नव्हता. प्रीमियर पद्मिनी आणि अ‍ॅम्बॅसिडरच्या जमान्यात रंगावर वेगळा क्लिअर नसे. रबिंग करताना कापडाला गाडीचाच रंग लागायचा आणि तो लागला की काम बरोबर चाललंय असं समजत. वरचा उन्हाने मेलेला रंग निघून खालचा ताजा वर यायचा. डेंटिंग-पेंटिंगच्या शेडमध्ये तयार झालेल्या हातांना ती सवय अजून आहे : डब्यातलं भरड कंपाउंड, वेस्ट कॉटन, रोटरी मशिन आणि वरून पाण्याचा शिपका. नव्याने रंगवलेल्या पॅनेलवर २००० नंबरचा पाणीपेपर मारल्यावर त्याच्या रेघा काढायला तसलं कंपाउंड लागतंच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तीन वर्षांच्या गाडीवरची जाळी काढायला तेच वापरलं, तर डास मारायला कुऱ्हाड चालवल्यासारखं होतं.

आणि आपल्याकडे येणाऱ्या दहातल्या बहुतेक गाड्यांना आजार असतो तो याच जाळीचा. उन्हात बॉनेटकडे तिरकं पाहिलं की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसतात, त्यांना आम्ही स्वर्ल म्हणतो. त्या पडतात पुसण्याने. सोसायटीत सकाळी गाड्या पुसायला येणाऱ्या माणसाकडे एक बादली, एक फडकं आणि ओळीने उभ्या गाड्या असतात. रात्रभर बसलेली बांधकामाची धूळ त्या फडक्यात अडकते आणि पुढच्या गाडीवर रेघा ओढते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. महिन्याला एका गाडीचे जे पैसे त्याला मिळतात, त्यात पाणी बदलत बसणं त्याला परवडणारं नाही. मी मालकांना सांगतो की त्याला दोन चांगली मायक्रोफायबर कापडं आणि जास्तीचे थोडे पैसे द्या. तुमचं पॉलिशचं बिल कमी होईल. माझंही कमी होईल, पण ते मला चालेल.

आता बाटलीच्या किमतीकडे येऊ. समजा, एक कंपाउंड १,२०० रुपये लिटर आहे आणि दुसरं ३,००० रुपये. दुकानात उभं राहून पाहिलं तर पहिलं अडीचपटीने स्वस्त. मध्यम आकाराच्या गाडीला एका टप्प्यात चांगलं कंपाउंड ९० मिलीच्या आसपास लागतं. लवकर सुकणारं आणि धूळ उडवणारं कंपाउंड पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं. ते १५० मिली धरा. म्हणजे गाडीमागे २७० रुपये विरुद्ध १८० रुपये. नव्वद रुपये वाचले. पण त्या भरड कंपाउंडने गाडीवर धुरकट छटा सोडली, ती काढायला फिनिशिंगचा हात दोनदा फिरवावा लागला, रबरी पट्ट्यांत आणि दारांच्या फटींत बसलेली पांढरी पूड ब्रशने काढत पोरगा बसला, फोमचा पॅड लवकर फाटला. दोन तास जादा गेले तर शंभर रुपये तासाने त्याचीच मजुरी दोनशे होते. विजेचं बिल आणि गाळ्याचं भाडं मी धरलेलंच नाही. वाचलेले नव्वद रुपये दुपारच्या आतच संपतात.

याचा अर्थ महाग बाटली डोळे मिटून घ्यावी असा नाही. मेंझेर्नासारख्या १८८८ पासूनच्या जर्मन कंपनीचं किंवा १९०१ मध्ये फर्निचरच्या पॉलिशपासून सुरुवात केलेल्या मेग्वायर्सचं नाव बाटलीवर असलं की माल भरवशाचा असतो, पण नव्या गाळ्याला त्यांची सगळी मालिका विकत घ्यायची गरज नसते. भारतात बनणारी काही कंपाउंडं आता चांगली आहेत. फरक पडतो तो आतल्या घासकणांमुळे. बहुतेक पॉलिशमध्ये अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात. काहींत ते घासता घासता फुटून बारीक होतात, त्यामुळे पूर्ण फेरी संपेपर्यंत मशिन चालवावं लागतं, अर्ध्यात थांबलं तर रेघा राहतात. काहींत कण पहिल्यापासूनच बारीक आणि एकसारखे असतात, तिथे काम दाबावर आणि पॅडवर अवलंबून असतं. दोन्ही प्रकार उत्तम. मात्र हातात कुठला आहे हे माहीत नसेल तर उत्तम मालही वाया जातो. स्वस्त मालात मला खटकते ती कणांची विषमता. नव्व्याण्णव कण बारीक आणि एक दांडगा असला तर तो एकटा काळ्या गाडीवर स्वतःची रेघ ओढत जातो.

दुसरा प्रकार अधिक फसवा. काही पॉलिशमध्ये तेलं, मेण आणि भरण घातलेलं असतं, ते रेघांमध्ये बसून त्या झाकतं. गाडी गाळ्यातून निघताना आरशासारखी दिसते. चार धुण्यांनी भरण वाहून जातं आणि जाळी होती तशी वर येते, ओल आलेल्या भिंतीवर डिस्टेंपर मारावा तसं. शिवाय त्यावर सिरॅमिक कोटिंग केलं तर कोटिंग क्लिअरला धरत नाही, तेलावर बसतं. गिऱ्हाइकाने हजारो रुपये मोजलेलं कोटिंग मग वेळेआधीच उतरतं आणि दोष कोटिंगवर जातो.

हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. भंगारच्या बाजारातून काळं बॉनेट आणा. त्यावर मास्किंग टेपने दीड-दीड फुटांचे चौकोन पाडा. दुकानदाराकडून मोठे कॅन घेऊ नका, २५० मिलीच्या बाटल्या घ्या. प्रत्येक चौकोनात वेगळं पॉलिश. पॅड त्याच जातीचा, नवा किंवा धुऊन वाळवलेला. मशिन तेच, वेग तोच, आडव्या-उभ्या फेऱ्या तितक्याच. सुरुवातीला पॉलिश ओलं असताना पॅडचा आवाज भरलेला येतो, वाटाण्याएवढे चार थेंब पसरून पांढरट पडदा होतो, तो विरळ होत पारदर्शक झाला की कण आपलं काम करून चुकलेले असतात. वाईट पॉलिश इथेच उघडं पडतं : पडदा पारदर्शक व्हायच्या आत सुकतो, पॅड किंचाळू लागतो, भुवयांवर पूड बसते. पुसून घ्या आणि लगेच निकाल देऊ नका, कारण या घडीला सगळे चौकोन सुंदर दिसतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून त्याच्या फवाऱ्याने प्रत्येक चौकोन पुसा. तेल आणि भरण निघून जातं. आता हातात एलईडी दिवा घेऊन बाजूने पाहा, मग बॉनेट उन्हात नेऊन पुन्हा पाहा. जिथे रेघा परत आल्या तिथे पॉलिशने कापलेलं काहीच नव्हतं. प्रत्येक चौकोनाचं गेजवरचं आधीचं आणि नंतरचं माप लिहून ठेवा. साध्या गेजवर एक-दोन मायक्रॉनचा फरक नेमका पकडणं अवघड, म्हणून एकाच खुणेवर अनेकदा टेकवून सरासरी घ्या. या बॉनेटसमोर घालवलेला दिवस कुठल्याही क्लासच्या फीपेक्षा मोलाचा आहे, हे मी मनापासून सांगतो.

प्रत्येक गाडीचा क्लिअर सारखा नसतो. माझ्या हाताला जर्मन बनावटीच्या गाड्यांचा क्लिअर बहुधा कडक लागतो आणि जपानी बनावटीच्या बऱ्याच गाड्यांचा मऊ. मऊ क्लिअरवर रेघ लवकर पडते आणि लवकर निघतेही, पण फिनिशिंगला तो रडवतो. कापड जरा खरखरीत असलं तरी पुसतानाच नवी रेघ. म्हणून गाडीवर आधी एक हातभर जागा करून पाहायची, सर्वांत मऊ पॅड आणि सर्वांत सौम्य पॉलिश घेऊन. तेवढ्याने भागलं तर कंपाउंडची बाटली उघडायचीच नाही. आपल्या रस्त्यांवर पांढऱ्या गाड्यांची संख्या सर्वांत जास्त, आणि पांढऱ्यावर बारीक जाळी दिसत नाही. तिच्यावर दोन टप्प्यांचं काम लादून क्लिअर खर्च करायला मी तयार होत नाही. डाग, लोखंडी धुळीचे ठिपके आणि बोअरच्या पाण्याचे क्षार काढले, एक हलका हात फिरवला की ती उजळते.

हवामान हाही पॉलिशच्या निवडीतला भाग आहे, आणि परदेशी बाटलीवरच्या सूचना इथे अपुऱ्या पडतात. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा पत्र्याच्या शेडमधलं बॉनेट हात ठेवू देत नाही. तिथे लवकर सुकणारं पॉलिश निरुपयोगी, आणि काम पहाटे उरकलेलं बरं. कोकणात जुलैमध्ये उलट गत : पॉलिश सुकता सुकत नाही, पॅड ओलाचिंब होऊन कापायचा थांबतो. तिथे थेंब कमी घ्यायचे आणि जास्त पॅड फिरते ठेवायचे.

आणखी एक गोष्ट, जी विक्रेते आपणहून सांगत नाहीत. पुष्कळ नवी मुलं भाडं वाचवायला पेंटिंगवाल्याच्या शेडमध्ये कोपरा घेतात. अशा वेळी सिलिकॉन असलेलं पॉलिश किंवा ड्रेसिंग आत आणायचंच नाही. त्याचा अंश शेजारच्या ताज्या रंगाखाली गेला की रंग मागे सरतो आणि माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. पेंटिंगवाल्याचं अख्खं पॅनेल पुन्हा करावं लागतं आणि शेजार कायमचा बिघडतो. बॉडी शॉपसाठीचं, सिलिकॉन नसलेलं कंपाउंड मागून घ्या. पुण्यात नाना पेठेत किंवा तुमच्या गावच्या ऑटो पेंटच्या दुकानात ते मिळतं. सील आणि बॅच नंबर तपासा. कॅनमधून सुटं काढून दिलेलं मात्र घेऊ नका. त्यात कालच्या भांड्यातला एखादा कण असला तरी तो गाडीवर दिसतो.

मग घ्यायचं काय? सुरुवातीला एक मध्यम कटचं कंपाउंड, एक भरण नसलेलं फिनिशिंग पॉलिश, आणि एक ऑल-इन-वन, ज्यात हलका कट, भरण आणि मेण एकत्र असतं. या तिसऱ्याला पुष्कळ कारागीर नाकं मुरडतात, मला ते पटत नाही. जुन्या गाड्यांचा विक्रेता किंवा टॅक्सीवाला दोन तासांत आणि थोड्या पैशांत गाडी उजळून मागतो, त्याची ती खरीच गरज असते. त्याला स्पष्ट सांगायचं की रेघा झाकल्या आहेत, काढलेल्या नाहीत, आणि दरही तेवढाच घ्यायचा. बाटलीवर वाचवलेले पैसे पॅड आणि कापडांवर घालायचे. मळलेला पॅड उत्तम पॉलिशचीही माती करतो. मशिन पहिलं घेताना ड्युअल अ‍ॅक्शन घ्यावं. रोटरी वेगाने कापतं, पण कडांवर आणि बॉनेटच्या धारांवर, जिथे रंग मुळातच पातळ असतो, ते नवख्या हातात क्षणात प्रायमरपर्यंत पोचतं.

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात सगळ्यांनाच "फुल रबिंग" हवं असतं. खंडेनवमीला गाडीची पूजा, झेंडूचा हार, बॉनेटवर हळदीकुंकू. त्या गर्दीत हाताला घाई होते आणि तेव्हाच मी गेज जास्त काढतो. एखाद्या काळ्या सेडानचं बॉनेट ८५ दाखवतं. म्हणजे कुणीतरी आधीच दोन-तीनदा कंपाउंड फिरवलेलं आहे. तिथे मी फक्त फिनिशिंग करतो आणि खोल ओरखडा का ठेवला ते मालकाला गेज दाखवून समजावतो. बहुतेक जण ऐकतात. उलट २०० च्या वर आकडा आला तर पॅनेल पुन्हा रंगवलेलं असतं, मग रंग ताजा आहे का, खाली पुट्टी आहे का, हे विचारून घेतो. प्लॅस्टिकच्या बंपरवर हे साधं गेज चालत नाही, तिथे नेहमी सौम्य हातच.

हे सगळे आकडे आमच्या जॉब कार्डवर पॅनेलवार लिहिलेले असतात : बॉनेट, छत, डावी-उजवी दारं, डिकी, कामाच्या आधी आणि नंतर, वापरलेलं पॉलिश आणि पॅड शेजारी. गाडी पुढच्या वेळी माझ्याकडेच येईल याची खात्री नसते. म्हणून कार्डाची एक प्रत मालकाला देतो आणि आर. सी. बुक व विम्याच्या कागदांसोबत डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवायला सांगतो. पुढे जो कुणी त्या गाडीवर मशिन टेकवेल त्याने आधी ते वाचावं.