थांबलेला स्वर

वडिलांचे वर्षश्राद्ध आटोपले आणि त्यांच्या पेटीचा प्रश्न आमच्या घरात निघाला. दर सोमवारी देवळातील भजनाला ती पेटी त्यांच्याबरोबर जात असे. आता ती सोप्यावर, त्यांच्या बसण्याच्या जागेपाशी, कापडाखाली झाकलेली होती. ती देवस्थानला द्यावी असे धाकट्या भावाने व मी ठरविले. आईला विचारले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "आसूं दी थंय."

मी पडलो वकील. वापरावाचून भाता खराब होतो, देवाच्या कामी येणे वडिलांनाही रुचले असते, असा सर्व युक्तिवाद मी केला. आई काही न बोलता उठून आत गेली. त्या दिवसापासून आम्हां दोघांत एक अवघड मौन येऊन बसले.

त्याच सुमारास, गुड फ्रायडेच्या आधल्या आठवड्यात, न्यायालयातील एका ख्रिस्ती स्नेह्याने मला एका चॅपेलमध्ये गायन ऐकावयास नेले. पेर्गोलेझी या इटालियन संगीतकाराची 'स्ताबात मातेर' ही रचना होती. या लॅटिन शब्दांचा अर्थ 'आई उभी होती'. पुत्राच्या क्रुसाखाली उभ्या असलेल्या मरियेचे हे मध्ययुगीन स्तोत्र. नेपल्समधील एका धर्मबंधुसंघासाठी पेर्गोलेझीने त्याला संगीत दिले, ते आपल्या अखेरच्या दिवसांत, पोत्सुओली येथील मठात राहून. १७३६ च्या मार्चमध्ये क्षयाने तो वारला. वय अवघे २६ वर्षांचे.

आपला कान एका स्वराच्या वाटेने जाणारा. तंबोऱ्याचा षड्ज अखंड असतो व गाणारा त्याच्याभोवती फिरून पुन्हा त्याच्यापाशी येतो. येथे मात्र प्रारंभीच माझा कान अडखळला. खाली खर्जाची वाद्ये संथ, एकसारखी पावले टाकीत होती. वर एका गळ्याने एक स्वर धरला व तो तेथेच राहिला. इतक्यात दुसरा गळा त्याला अगदी खेटून वरच्या स्वरावर आला. षड्ज आणि ऋषभ एकदम लागावेत तशी ती घासणी होती. मग पहिला स्वर एक पायरी खाली उतरला आणि कानाला निवारा मिळाला. तोच दुसरा थांबून राहिला, पहिला वर चढून त्याला भिडला. एकामागून एक अशी ती साखळी चाललेली.

परतताना स्नेह्याने त्यातील नियम सांगितला. त्या काळच्या पाश्चात्त्य स्वरमेळात विसंवाद वाटेल तसा येत नाही. जो स्वर बोचणार, तो आधी संवादात ऐकू यावा लागतो. मग भोवतालचे स्वर हलतात, तो हलत नाही, म्हणून तो बोचतो. शेवटी तो शेजारच्याच स्वरावर, बहुधा एक पायरी खाली, उतरतो. उडी मारून त्याने सुटका करून घ्यावयाची नसते.

मी वाटेत गप्पच झालो. अपराध कोणाचा, हे ठरविण्याची मला सवय. आणि येथे त्या थांबलेल्या स्वराचा अपराध काही सापडेना. तो जेथे होता तेथेच होता. हलले होते ते इतर.

परधर्मीयांच्या स्तोत्रावर माझा काय अधिकार, ही शंकाही मनात आली. परंतु पुढे वाचनात आले की, १७४० नंतरच्या दशकात लाइपझिग येथे बाखने हेच संगीत उचलले. त्याच्या प्रॉटेस्टंट उपासनेत मरियेचे हे स्तोत्र बसणारे नव्हते. त्याने शब्द बदलले आणि एक्कावन्नाव्या स्तोत्राचे जर्मन रूपांतर त्यावर बसविले. आईच्या शोकाच्या जागी पापाची क्षमायाचना आली. व्हिओला हे वाद्य मूळ रचनेत बहुतांशी खर्जाच्या मागेमाग चालत होते. त्याला बाखने स्वतःची वाट दिली. वरच्या दोन गळ्यांची ती घासणी मात्र त्याने तशीच राहू दिली. पंथ बदलला तरी दुःखाची ती चाल दोघांनाही खरी वाटली, तर तिसऱ्याने ती ऐकण्यास संकोच कशाला?

घरी आलो तेव्हा आई सोप्यावर बसली होती. मी पेटीवरचे कापड काढले, धूळ पुसली आणि ती पुन्हा होती तेथेच ठेवली. देवस्थानाची गोष्ट काढली नाही. आई पाहत राहिली.

पावसाळा सरल्यावर एका संध्याकाळी ती आपण होऊन म्हणाली, "सोमारा व्हर भजनाक. पूण परतून हाड."

त्या सोमवारी पेटी देवळात वाजली. रात्री मी ती खांद्यावरून परत आणली आणि वडिलांच्या जागेपाशी ठेवली.