माग थांबले ती सुट्टी

मे महिना जवळ आला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून मुलांना सुट्टीत घरात कसे रमवावे याचे पाठ सुरू होतात. चित्रे काढून घ्या, कुंड्यांत बिया पेरून घ्या, कैरीचे पन्हे मुलांच्याच हातून करवून घ्या. सगळा कारभार प्रयोजक क्रियापदांचा. 'रमणे' ही क्रिया मुलाची असते. 'रमवणे' ही दुसऱ्या कुणाची तरी, आणि त्या दुसऱ्याचा हेतू मुलाला ठाऊक असतोच असे नाही. व्याकरण शिकवताना हा भेद आम्ही फळ्यावर अनेकदा लिहिला. त्याचा अनुभव मात्र त्याच्या कितीतरी आधी, भिवंडीत, १९८४ च्या मे महिन्यात आला होता.

आमच्या बालसाहित्यातली सुट्टी बहुधा घराबाहेर घडते. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे घरात थांबला असता तर पुस्तकच झाले नसते. मामाचा गाव, आमराई, नदीतले डुंबणे हा या वाङ्मयाचा ठरलेला प्रदेश. चार भिंतींत गेलेल्या सुट्टीला त्यात फारशी जागा नाही. आम्हांलाही मामाचा गाव नव्हता. मामा भिवंडीतच, दोन गल्ल्या पलीकडे राहत होता. पण घर आणि गल्ली यांत तेव्हा मोठे अंतर नव्हते. समोर यंत्रमागाचा कारखाना होता आणि त्याचा खटखटाट रात्रंदिवस चाले. बाहेरगावचे पाहुणे या आवाजाने झोपत नसत. आम्ही त्याच्याशिवाय झोपू शकत नसू. कारखान्याच्या मागच्या दाराशी तुटक्या सुताचे गुंतवळे, फुटक्या कांड्या, कागदी कोन आणि एखादा निकामी धोटा पडलेला असे. त्यावर आमची सुट्टी चाले. सूत ओले करून, घट्ट गुंडाळून चेंडू करण्याची विद्या आम्हांला कारखान्यातल्या जॉबरच्या मुलाने शिकवली होती. त्याचे कुटुंब मूळचे मालेगावचे, राहायला कारखान्यालगतच्या खोलीत. धोट्याची होडी करून ती गटारात न बुडता सोडावी कशी, हेही त्यालाच ठाऊक होते.

त्या मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात एका रात्री आम्ही जागे झालो ते माग थांबल्यामुळे. वीज गेली असावी असे वाटले, पण डोक्यावरचा पंखा फिरत होता. आई आधीच उठून खिडक्या लावत होती.

आईने १९७० पाहिले होते. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीनंतर भिवंडीत दंगल उसळली, तेव्हा ती नुकतीच लग्न होऊन या गावी आली होती. पुढे न्यायमूर्ती मादन आयोगाने त्या दंगलीची चौकशी केली. अहवालाचे काही भाग आम्ही मोठेपणी वाचले. आईचा अहवाल वेगळा होता. दरवर्षी एप्रिलअखेर ती पीठ, डाळ, गूळ आणि काडेपेट्या जरा जास्तच भरून ठेवी, आणि कपाटाच्या वरच्या फळीवर पत्त्यांचा एक नवा कोरा जोड असे. तो जोड कशासाठी राखून ठेवलेला आहे, हे आम्हांला त्या सुट्टीत कळले; म्हणजे तेव्हा कळले नाहीच.

कर्फ्यू लागला आणि घरात एक अपूर्व सुट्टी सुरू झाली. एरवी उन्हात भटकल्याबद्दल धपाटे देणारी आई दिवसभर आमच्याबरोबर खेळू लागली. झब्बू, बदाम सात, पाच-तीन-दोन. चिंचोके फोडून चल्लस-आठ. बांगड्यांच्या काचांचे काचापाणी. नियम एकच: आवाज करायचा नाही. हसायचे ते ओढणी तोंडात धरून, भेंड्या लावायच्या त्या कुजबुजत. 'नॉट ॲट होम' हा डाव कुजबुजत खेळला की त्याला काय रंग चढतो, हे ज्यांनी खेळून पाहिले नाही त्यांना सांगून कळणार नाही. दूध येईनासे झाले तेव्हा आईने कोऱ्या चहाला 'विलायती चहा' असे नाव दिले आणि आम्ही तो ऐटीत प्यालो.

पुठ्ठ्यावर आम्ही 'व्यापार'चा पट तयार केला. विकत आणलेल्या पटावर परक्या शहरांची नावे असतात. आम्ही आपल्या गावाची घातली. तीन बत्ती सर्वांत महाग, मग निजामपुरा, धामणकर नाका, वंजारपट्टी नाका. कामतघर स्वस्त, कारण ते लांब. दोन दिवस आम्ही भिवंडी विकत घेतली आणि विकली. तिसऱ्या संध्याकाळी वडील आकाशवाणीच्या बातम्या अगदी हळू आवाजात, कानाला रेडिओ लावून ऐकत होते. ऐकून झाल्यावर ते पटाशी येऊन बसले. बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "ही नावे खोडा. पुण्याची घाला." आम्ही हट्ट केला नाही. शनिवार, नारायण, सदाशिव अशा पेठा लिहिल्या, पण खेळ पुन्हा रंगला नाही.

मग वडिलांनी 'श्यामची आई' काढले. रोज निजताना एक रात्र. पुस्तकात बेचाळीस रात्री आहेत, तेव्हा बेत लांबचा होता. साने गुरुजींनी ते फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिले, हे आम्हांला पदवीच्या वर्गात समजले, आणि आश्रमातल्या मित्रांना श्याम रोज थोडे थोडे सांगतो ही रचना तेव्हापासून आम्ही निराळ्या कानांनी ऐकतो. कोंडलेल्या माणसाला रात्री मोजायला काही तरी लागते. बोकाचिओच्या 'डेकॅमेरॉन'मध्येही १३४८ च्या प्लेगपासून दूर गेलेले दहा तरुण-तरुणी दहा दिवसांत शंभर कथा सांगतात. वर्गात आम्ही त्यातला एक तपशील कधी वगळत नाही. पहिल्या दिवसाची राणी नोकरांना बजावते, की बाहेरची बातमी आत आणायची तर ती आनंदाचीच आणा. कुठे फ्लॉरेन्सजवळचे ते उद्यान आणि कुठे आमची दीड खोली! पण हुकूम तोच होता.

बाहेर काय चालले होते, ते आता सर्वांना ठाऊक आहे. दंगल भिवंडीतून ठाणे, कल्याण, मुंबईपर्यंत पसरली, लष्कर बोलवावे लागले आणि अडीचशेहून अधिक माणसे मेली. गावाबाहेरच्या अन्सारी बागेत आसऱ्याला गेलेल्यांना तिथेच गाठून मारण्यात आले. यातले काहीही आमच्या खोलीत आले नाही.

कर्फ्यू सैल होत गेला, शाळेची पुस्तके आणायचे दिवस आले आणि 'श्यामची आई' विसाव्या रात्रीच्या आसपास थांबले. माग पुन्हा सुरू झाले. जॉबरच्या खोलीला कुलूप होते. ते लोक मालेगावला गेले असे कुणी म्हणाले, कुणी काहीच म्हणाले नाही. त्या सबंध सुट्टीत आम्ही त्याच्याबद्दल एकदाही विचारले नव्हते, ही गोष्ट ते कुलूप पाहून लक्षात आली. आम्हांला कुणी मना केले नव्हते. आम्ही फक्त चांगले रमलो होतो. आजही बालपणातली सर्वांत आनंदाची सुट्टी कोणती असे कुणी विचारले, तर प्रामाणिक उत्तर तेच आहे, आणि ते आम्ही देत नाही.

१९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी भिवंडीत मोहल्ला समित्या उभ्या केल्या आणि डिसेंबर १९९२-जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्याविषयी बरेच लिहिले गेले आहे. असो.

माग दुसऱ्यांदा इतके गप्प झाले ते २०२० च्या टाळेबंदीत. आमची मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. आम्हीही कपाटातून पत्ते काढले. आईने शिकवलेले सगळे डाव हाताशी होतेच. चौथ्या-पाचव्या दिवशी पाने वाटताना तिने विचारले, "कारखाने बंद आहेत, तर त्यातली माणसे काय करतात?" रमवणाऱ्याची उत्तरे आम्हांला पाठ होती. पण आम्ही सांगितले की कामही नाही आणि मजुरीही नाही, म्हणून त्यातली बरीच जण राजनोली नाक्यावरून नाशिकच्या रस्त्याला लागली आहेत, चालत, उत्तर प्रदेशापर्यंत, बिहारपर्यंत. तिने हातातली पाने खाली ठेवली. त्या संध्याकाळी ती खेळली नाही, जेवलीही थोडेच. आई त्या वेळी असती तर म्हणाली असती, पोरीचा चांगला चाललेला डाव मोडलात.

दुसऱ्या दिवशी दुपारी पत्ते तिनेच काढले. पिसता पिसता म्हणाली, "ते पोचले?"

"माहीत नाही," आम्ही म्हणालो. तिने पाने वाटली.