मावंदे

निघण्याचे कौतुक सगळेच करतात. पोहोचण्याचेही करतात. परतण्याकडे मात्र सहसा कोणी वळून पाहत नाही. आषाढीची वारीच घ्या ना. ज्ञानोबांची पालखी आळंदीहून निघते तेव्हा पुण्यात रस्तोरस्ती माणसांची दाटी होते. पंढरपुरात तर पाऊल ठेवायला जागा नसते. पण गुरुपौर्णिमेला गोपाळपूरला काला होतो आणि पालख्या माघारी फिरतात, ती परतवारी कितीजणांना ठाऊक असते? माणसे थोडी, मुक्काम थोडे, आणि वाटेवर उभे राहून पाहणारे त्याहून थोडे.

आपल्या जुन्या लोकांना मात्र परतण्याचे महत्त्व नेमके कळत होते. व्रत संपले की उद्यापन, उपवास संपला की पारणे, गणपती हलवण्याआधी उत्तरपूजा. काशीहून आलेला माणूस उंबरठा ओलांडून आत आला, एवढ्याने त्याची यात्रा संपली असे ते मानीत नसत. गंगेच्या गडूची पूजा व्हायची, मग सोयरेधायरे आणि शेजारीपाजारी पंगतीला बसायचे. त्या जेवणाला म्हणायचे मावंदे. हा शब्द मी कित्येक वर्षे वर्गात मुलांना समजावून सांगत आलो आहे. ‘यात्रेहून आल्यावर घालायचे जेवण’ असा त्याचा अर्थ मी फळ्यावर लिहितो आणि पुढच्या शब्दाकडे वळतो. त्या जेवणाची गरज का पडते, हे मला गेल्या वर्षी एका सायकलीमुळे कळले.

गेल्या वर्षी भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही चौघे पुण्याहून कन्याकुमारीला सायकलवर निघालो. चौघांत एक डॉक्टर, एक बँकेतला अधिकारी, एक छापखान्याचा मालक आणि मराठीचा प्राध्यापक असलेला मी. वय सेहेचाळीस, पोट माफक. “अहो, रेल्वे आहे की तिकडे जायला!” असे सौभाग्यवतींनी एकदा सांगून पाहिले आणि मग मुकाट्याने डिंकाचे लाडू बांधून दिले.

खंबाटकीचा घाट चढलो, सातारा, कोल्हापूर मागे टाकले, कागलपाशी महाराष्ट्र संपला. बेळगाव, हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग, तुमकूर, बंगळूर. तिथून सेलम, दिंडीगल, मदुराई. तिरुनेलवेलीच्या आधी ईशान्य मोसमी पावसाने गाठले आणि दोन दिवस आम्ही अंगावरचे कपडे अंगावरच वाळवले. पंधरा दिवसांत साडेपंधराशे किलोमीटरांच्या आसपास. त्या प्रवासाचे वर्णन मी करणार नाही. ते आम्ही चौघांनी इतक्या जणांना ऐकवले आहे, की आता आम्हांला पाहून माणसे रस्ता ओलांडतात. मला सांगायचे आहे ते त्यानंतरचे.

कन्याकुमारीला रस्ता संपतो म्हणजे खरोखरच संपतो. पुढे पाणी. समुद्रातल्या एका खडकावर 1970 साली उभे राहिलेले विवेकानंदांचे स्मारक. शेजारच्या खडकावर तिरुवळ्ळुवरांचा पुतळा, चौथऱ्यासकट 133 फूट उंच. कारण त्यांच्या ‘तिरुक्कुरळ’ची प्रकरणे 133. आम्ही सायकली कठड्याला टेकवल्या, फोटो काढले, एकमेकांना मिठ्या मारल्या. मग चौघेही गप्प झालो. शेवटी बँकवाले म्हणाले, “उद्या किती वाजता निघायचं?” आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन स्वतःच हसले. आम्हीही हसलो, पण ते हसणे काही फार वेळ टिकले नाही.

सायकली गोणपाटात गुंडाळून रेल्वेच्या पार्सल ऑफिसात दिल्या. पंधरा दिवसांची वाट गाडीने दीडेक दिवसात परत केली. खिडकीतून पाहताना राहून राहून वाटत होते, की ही गाडी फार घाई करते आहे. अंग पुण्याकडे चालले होते, आणि मन अजून मदुराईच्या अलीकडे कुठेतरी चढावर पायडल मारीत होते.

घरी आल्यावरचे पहिले चार दिवस सणाचे गेले. औक्षण झाले, शेजारी येऊन गेले, कॉलेजात शाल आणि श्रीफळ मिळाले. “किती पंक्चर झाली?” हा प्रश्न मला अदमासे पन्नास जणांनी विचारला. पाचव्या दिवशी प्रश्न संपले. तिथून खरी पंचाईत सुरू झाली.

पहाटे साडेचारला डोळे टक्क उघडायचे. उठून करायचे काय? भूक मात्र तशीच. दिवसाला शंभर किलोमीटर तुडवणाऱ्या देहाला दोन-अडीच हजार उष्मांक जादा लागतात, आणि तो देह आता वर्गात उभा राहून ‘लीळाचरित्र’ शिकवीत आहे, ही बातमी पोटाला कोणी कळवलेली नव्हती. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर. कॉलेजला जाताना माझी नजर देवळाच्या झेंड्याकडे जायची, कारण वारा कुठून आहे हे पाहायची सवय. आमच्या गल्लीला चढ आहे हे मला इतक्या वर्षांत प्रथमच जाणवले. समोर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा असायचा आणि पाय टेबलाखाली आपले आपण हलत राहायचे.

आमच्या डॉक्टरमित्राने शास्त्र सांगितले. बोटांचा बधिरपणा हँडलच्या दाबामुळे. तळव्यातून करंगळीकडे जाणारी नस दबते, काही आठवड्यांत ते जाते. रोजच्या दमछाकीमुळे अंगातले रक्तद्रव वाढते, आणि थांबल्यावर ते काही दिवसांतच उतरू लागते. “आणि हे बघ,” तो म्हणाला, “जोरात सायकल चालवून कोणी एकदम उभा राहिला तर त्याला भोवळ येते. पायांतलं रक्त वर ढकलायला स्नायूंची मदत होत असते. ते थांबले की रक्त पायांतच साचतं. म्हणून शेवटची दहा मिनिटं हळू चालवायची.” हे सगळे पटले. पण मनाला आलेल्या भोवळीवर त्याच्याकडे गोळी नव्हती. त्याला स्वतःलाच साडेचारला जाग येत होती.

मला मुंबईच्या त्या पारशी तरुणांची आठवण झाली. 1923 साली सहाजण सायकलवर जगप्रवासाला निघाले, आणि 1928 साली त्यांतले तिघे, हकीम, बापासोला आणि भूमगरा, पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून मुंबईत परत आले. त्यांचे पुस्तक निघाले 1931 साली. वाळवंटांची आणि जंगलांची साडेचार वर्षे त्यांनी कशी काढली याचे सगळ्यांना नवल वाटते. मला आता दुसरेच कुतूहल वाटू लागले होते. परत आल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी त्या तिघांनी काय केले असेल?

हा प्रश्न ज्यांना विचारावा असे एक माणूस माझ्या घरातच राहत होते.

बाबा 1974 साली खडकीच्या दारूगोळा कारखान्यात लागले आणि 2008 साली निवृत्त झाले. सदाशिव पेठेतून खडकी सात किलोमीटर, तेवढेच परत. बरोबरच्यांनी स्कूटरी घेतल्या, पुढे मोटारसायकली घेतल्या. बाबांनी सायकल सोडली नाही. ते निवृत्त झाले तेव्हा मी नोकरीनिमित्त सोलापुरात होतो. निरोपसमारंभाचा फोटो तेवढा मला पोस्टाने आला होता. आता ते सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे आणि सायकल बंद आहे.

एका पहाटे मी गॅलरीत बसलो होतो. बाबा काठी टेकत आले आणि शेजारच्या खुर्चीवर बसले. त्यांनी पंक्चरचे विचारले नाही.

“परवा परवापर्यंत वारा ऐकू येत असेल ना कानात?” ते म्हणाले.

मी चमकून त्यांच्याकडे पाहिले. “अजून येतो. तुम्हांला कसं कळलं?”

“मला कारखान्याचा भोंगा यायचा ऐकू. रिटायर झाल्यावर दोन महिने. सव्वापाचला उठायचो, दाढी करायचो, चाकांत हवा भरायचो. मग तुझी आई विचारायची, कुठे निघालात?”

“मग?”

“मग काय, निघायचो. पहिला आठवडा पार खडकीपर्यंत गेलो. आत नाही जायचं. गेटासमोर चहा घ्यायचा नि परत फिरायचं. दुसऱ्या आठवड्यात वाकडेवाडीपर्यंत. मग शिवाजीनगर. मग शनिवारवाडा. शेवटी मंडई. मंडईशी थांबलो, कारण तिथे भाजी मिळते.” ते जरा हसले. “चौतीस वर्षांचा वेग होता. एकदम ब्रेक मारला असता तर पडलो असतो.”

आतून आईचा आवाज आला, “भाजी आणायचे, ती रोज दुधी भोपळाच!” म्हणजे तीही जागीच होती.

बाबांचे शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंतचे. डॉक्टरमित्राने शरीराचे जे शास्त्र मला सांगितले, तेच बाबांनी आयुष्याला लावले होते, आणि तेही कोणाला न विचारता. घरातले सगळे तेव्हा म्हणत, की यांना करमत नाही म्हणून भटकतात. खरे तर तो माणूस रोज सकाळी थोडा थोडा घरी परत येत होता. खडकीहून मंडईपर्यंत यायला त्याला दोन महिने लागले, एवढेच.

मी तोच धडा गिरवायचे ठरवले. पुढच्या आठवड्यात तीन वेळा पहाटे सायकल काढली आणि त्याच रस्त्याने खेड शिवापूरपर्यंत गेलो. त्याच्या पुढच्या आठवड्यात कात्रजपर्यंत. मग स्वारगेट. रस्ता कन्याकुमारीचाच, पण रोज थोडा आखूड होत जाणारा. शेवटी सायकल कॉलेजच्या फाटकाशी येऊन थांबली आणि तिथे ती रमली. भूक उतरली, बोटांत जीव आला, उत्तरपत्रिकांखाली पाय स्वस्थ बसू लागले. तरी काहीतरी राहून गेल्यासारखे वाटत होते. सौभाग्यवतींना मी तसे म्हटले, तेव्हा त्या पटकन म्हणाल्या, “मावंदं राहिलंय तुमचं. एवढे मराठीचे प्राध्यापक, आणि हे मी सांगायचं?”

एका रविवारी बेत ठरला. चौघांची कुटुंबे आली. गंगेचा गडू कुठला असणार! कन्याकुमारीला रंगीत वाळूच्या पुड्या विकतात, त्यांतली एक मी आणली होती. आईने तीच देव्हाऱ्यात ठेवून तिच्यावर फूल वाहिले. बाबांनी त्यांच्या कारखान्यातल्या दोघा जुन्या सोबत्यांना बोलवा असे सांगितले होते. तेही आले, एक मुलाच्या गाडीतून आणि एक नातीचा हात धरून. पुरणपोळी, कटाची आमटी, कुरडया. पहिल्या पोळीला आमच्या चौघांचा चित्रदुर्ग चालू होता. दुसऱ्या पोळीला त्या तिघांची खडकी सुरू झाली. पावसाळ्यात वाकडेवाडीला पाणी कसे साचायचे, पँटचे पाय कोण दोरीने बांधायचे, एका डायनामोच्या उजेडात चार सायकली कशा यायच्या. आमचा चित्रदुर्ग केव्हा बंद पडला ते आम्हांलाही कळले नाही.

छापखानेवाल्यांना आकड्यांचा नाद. त्यांनी खिशातून मोबाईल काढला. “काका, वर्षाचे कामाचे दिवस किती धरू?” बाबा म्हणाले, “दोनशे नव्वद धर.” रोजचे चौदा किलोमीटर, दोनशे नव्वद दिवस, चौतीस वर्षे. उत्तर आले 1,38,040 किलोमीटर. विषुववृत्तावरून पृथ्वीचा घेर 40,075. म्हणजे बाबांच्या तीन प्रदक्षिणा होऊन चौथी निम्म्याला आली होती, आणि त्यांना शाल-श्रीफळ मिळाले होते ते वय साठ झाले म्हणून.

पंगत क्षणभर थबकली. माझी मुलगी आजोबांकडे टक लावून पाहत होती. ज्याच्याबरोबर ती रोज पत्ते खेळते, त्याच्याकडे पाहावे तसे ते पाहणे नव्हते. दोघा सोबत्यांनी आपापला हिशेब मनाशी केला असावा, कारण तेही जरा ताठ बसले. मावंदे एका यात्रेचे घातले होते. पंगतीत ते किती यात्रांचे झाले, हे वाढणाऱ्यांना आधी कळले; त्यांनी तुपाची वाटी आमच्याकडून उचलून तिकडे नेली.

बाबांनी पोळीचा तुकडा दुधात बुडवला. “एवढं झालं होय?” ते म्हणाले. “मग गुडघ्यांचा काही दोष नाही. उगीच बोलत होतो त्यांना.”