साडेपाचात एक मिळवला तर

पावसाळ्यात महाडमध्ये सकाळी पहिली चौकशी सावित्री नदीच्या पातळीची होते. इशारा पातळी 6 मीटर, धोक्याची साडेसहा. 22 जुलै 2021 चा पूर ज्यांनी पाहिला, त्यांना हे आकडे वेगळे पाठ करावे लागत नाहीत. म्हणून वेब प्रोग्रामिंग शिकवताना मी 'हॅलो वर्ल्ड' लवकर आटोपतो आणि मुलांना नदीकडे वळवतो. मजकूर आणि व्हेरिएबल जोडायला शिकायचं तर वाक्य आपल्या कामाचं हवं: आधी 'सावित्रीची पातळी', मग आकडा, मग 'मीटर'.

जावास्क्रिप्टमध्ये ही जोडणी प्लसच्या चिन्हाने होते. अवतरणातला मजकूर, म्हणजे स्ट्रिंग, जसाच्या तसा उमटतो. अवतरणाबाहेरच्या नावाच्या जागी त्यात ठेवलेली किंमत येते. मधली मोकळी जागा विसरली तर 'पातळी5.5मीटर' असं चिकटून येतं, पण ते डोळ्यांना लगेच खटकतं. अशा चुकांची मला चिंता नसते.

चिंता वाटते ती न खटकणाऱ्या चुकीची. पानावर दोन रकाने आहेत: आताची पातळी आणि अपेक्षित वाढ. एकात 5.5 भरलं, दुसऱ्यात 1, आणि प्लस लावला. उत्तर येतं 5.51. रकाना फक्त आकड्यांसाठी राखला तरी त्याची किंमत वाचताना हाती मजकूरच येतो, आणि प्लसच्या एका बाजूला जरी मजकूर असला तरी जावास्क्रिप्ट बेरीज न करता जोडून मोकळी होते. आता हा 5.51 बघा. किती खरा वाटतो! इशारा पातळीच्याही खाली. खरं उत्तर साडेसहा, म्हणजे धोक्याची रेषा. प्रोग्राम अडत नाही, लाल अक्षरांत काही सांगत नाही. वजाबाकी केली तर मात्र उत्तर बरोबर येतं, कारण वजाच्या चिन्हाला जोडणी हा अर्थच नाही. ते आधी आकडा करून घेतं. त्यामुळे मुलांचा संशय आणखी लांबतो. बेरजेपूर्वी दोन्ही किंमती 'नंबर' या फंक्शनमधून काढायच्या, एवढाच उपाय. तिथेही देवनागरी अंक चालत नाहीत; मराठी पानं करणाऱ्याने हे आधीच ध्यानात घ्यावं.

2015 पासून जोडणीसाठी बॅकटिकची, म्हणजे ` या तिरप्या अवतरणचिन्हाची, सोय आली. वाक्य सलग लिहायचं आणि मध्ये डॉलरचं चिन्ह व महिरपी कंसात व्हेरिएबलचं नाव. मी हल्ली तीच आधी शिकवतो, कारण वाक्य वाक्यासारखं दिसतं.

पण मराठी वाक्याची अडचण तिनेही सुटत नाही. गावाच्या नावापुढे 'त' जोडला की 'बिरवाडीत' छान होतं. 'पोलादपूर'पुढे काना आणि 'त' जोडले तर 'पोलादपूरात' होतं, आणि आपण लिहितो 'पोलादपुरात'. दीर्घ ऊकार ऱ्हस्व होतो. यंत्र टोकाला चिकटवतं, शब्दाच्या पोटातला ऊकार त्याला ठाऊक नसतो. इंग्रजी उदाहरणांत हा प्रश्न येतच नाही, कारण तिथे गावाचं नाव बदलत नाही. आपल्याकडच्या सरकारी सूचनांत मात्र तोडगा आधीपासून आहे: 'पोलादपूर तालुक्यात', 'बिरवाडी येथे'. नाव तसंच राहतं, प्रत्यय पुढच्या शब्दावर जातो. कोरडी वाटणारी ही भाषा इथे फार उपयोगी पडते.

शिकणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे: उदाहरण इंग्रजी नावांवर चाललं म्हणून पुढे जाऊ नका. आपल्या गावाचं नाव आणि आपल्या नदीचा आकडा घालून वाक्य पडद्यावर आणा, मोठ्याने वाचा, आणि बेरीज एकदा कागदावर करून पाहा.